उन्हाळ्यात प्यायला बरी अशी पांढरी वाइन सुचवा (हजाराच्या आतबाहेर)

कोथरूडची_मैना | १८ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. मे महिन्यात आमच्या गच्चीवर काही रविवार माणसं जमणार आहेत. संध्याकाळी सातनंतर, पण पुण्यात तेव्हाही भिंती तापलेल्याच असतात. बीअरने सगळ्यांची पोटं फुगतात आणि केलेला स्वयंपाक तसाच उरतो. म्हणून यंदा पांढरी वाइन ठेवायचं ठरवलंय.

यातलं मला फारसं कळत नाही. आजवर जे प्यायले त्यात शेनिन ब्लाँ सरबताकडे झुकणारी निघाली. सोव्हिन्यों ब्लाँ घेतली तर तिला चक्क ढोबळी मिरचीचा वास. भाच्याने बाहेरून शार्डने आणली होती, तिच्यात लोणी आणि लाकूड इतकं की पहिल्या ग्लासानंतर कोणी दुसरा मागितला नाही.

मला हवी आहे ती हलकी, गार, थोडी आंबटसर, गोड नसलेली. सोबत मासे असतील, भजी असतील, सासऱ्यांसाठी साबुदाणा वडे नक्की. बाटली साधारण हजार रुपयांच्या आसपास. नावं सुचवाच, पण घेताना काय बघायचं तेही सांगा.

पारावरचा_पंत | १८ एप्रिल, रात्री १०:०५

ताक प्या. हिंग-जिऱ्याचं. हजारात अख्खी आळी पिईल.

कोथरूडची_मैना | १८ एप्रिल, रात्री १०:१२

पंत, ताक असणारच आहे. तुम्हीही या. पण धागा वाइनचा आहे.

बॅरलबाबा | १८ एप्रिल, रात्री ११:२०

मैनाताई, तुम्ही ज्या तीन बाटल्यांवर नाराज आहात त्यात दोष द्राक्षाच्या जातीचा कमी आणि त्या-त्या बाटलीचा जास्त आहे.

आधी शेनिन. आपल्याकडची सगळ्यात ओळखीची शेनिन, म्हणजे सुला कंपनीची, मुद्दाम जराशी गोड ठेवलेली असते. नवख्या माणसाला ती आवडते, तिखटालाही चालते. पण शेनिन म्हणजे गोडच असं काही नाही. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. तिथे याच द्राक्षापासून खडखडीत ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन करतात, मधासारखी गोड करतात आणि बुडबुड्यांचीही करतात. दक्षिण आफ्रिकेत सगळ्यात जास्त लागवड याचीच आहे. तुम्हाला ड्राय हवी तर अकलूजच्या फ्रातेल्लीची शेनिन बघा. नाशिकच्या यॉर्कचीही बघा. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली, पण लेबल वेगळं आहे.

सोव्हिन्योंचा ढोबळी मिरचीचा वास हा बिघाड नव्हे, ते त्या द्राक्षातच असतं. पायराझिन नावाची संयुगं. घड सावलीत राहिले किंवा द्राक्ष लवकर तोडलं तर ती जास्त राहतात. काहींना हाच वास प्रिय असतो, न्यूझीलंडच्या मार्लबरोने त्याच्यावर जगभर नाव कमावलंय. तुम्हाला नको असेल तर सोव्हिन्यों सोडा, स्वतःवर जबरदस्ती कशाला.

शार्डनेतलं लोणी आणि लाकूड हे दोन्ही नंतर आलेलं असतं. लाकूड ओकच्या पिंपातून येतं. लोण्याचा वास येतो तो दुसऱ्या आंबवण्यातून, ज्यात सफरचंदातल्यासारखं तीव्र आम्ल मवाळ होऊन दुधातल्यासारखं होतं. पिंपात न ठेवलेली शार्डने मिळाली तर तीच वाइन तुम्हाला परकी वाटणार नाही.

आणि व्हियोन्ये नावाच्या द्राक्षाची तेवढी उन्हाळ्यात टाळा, हे माझं मत. वासाला जर्दाळू आणि फुलं, सुंदर. पण आंबटपणा कमी आणि अंगाने जड. ती डिसेंबरात.

ऊनसावली_नागपूर | १९ एप्रिल, सकाळी ८:१५

बॅरलबाबांचं सगळं बरोबर, पण विदर्भातून एक गोष्ट जोडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. एका दुकानातून नेहमीची बाटली आणली, प्यायलो तर शिळ्या सफरचंदाचा वास आणि रंग गर्द पिवळा. तीच वाइन मुंबईत प्यायलो तेव्हा फिकट, ताजी. दुकानदाराने ती शोकेसच्या काचेमागे उन्हात महिनोन्महिने मांडून ठेवली होती.

तेव्हापासून नावाआधी दुकान बघतो. एसी चालू आहे का, बाटल्या उन्हात आहेत का, वर ट्यूबलाइटला चिकटून ठेवल्यात का. मांडलेली बाटली घ्यायचीच नाही, आतल्या खोक्यातली मागायची. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. आणि घरी आणताना गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत बसायचं नाही.

बॅरलबाबा | १९ एप्रिल, सकाळी ९:०२

ऊनसावली, +१. पांढऱ्या वाइनला तांबडीपेक्षा कमी संरक्षण असतं. सालीतून येणारं टॅनिन, म्हणजे तो तुरटपणा, तांबडीला थोडंफार सांभाळतं, पांढरीत ते जवळजवळ नसतंच. कोवळ्या वर्षाची पांढरी वाइन गर्द सोनेरी दिसली आणि ती पिंपातली किंवा गोड प्रकारची नसेल, तर शंका घ्या. बूच वर सरकलेलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर हातातली बाटली तिथेच खाली ठेवा.

मिसेस_बांगडा | १९ एप्रिल, दुपारी १:३०

माशांचं मी सांगते, बाकी तुमचं चालू द्या.

बोंबील फ्राय, रव्यातली सुरमई, तळलेली कोळंबी: ड्राय आणि आंबट वाइन उत्तम. लिंबू पिळायचं काम तीच करते. मालवणी तिखट सुकं किंवा झणझणीत तिसऱ्या असतील तर उलट, तीच गोडसर शेनिन आणा जिला तुम्ही नावं ठेवलीत. तिखटावर ड्राय आणि जास्त अल्कोहोलची वाइन प्यायली की जिभेची आग दुप्पट होते. थोडी साखर ती आग विझवते.

सोलकढीबरोबर मात्र कुठलीच वाइन देऊ नका. नारळ, लसूण, आमसूल, तिघं मिळून तिला पार आडवी करतात. सोलकढी शेवटी, भाताबरोबर. आणि आमरसाच्या ताटावर तर बाटली उघडूच नका, आंब्याच्या गोडव्यापुढे चांगली वाइनसुद्धा नुसती आंबट लागते.

साबुदाणा वड्याला बुडबुड्यांची वाइन. तळणीला तिच्यासारखं काही नाही. दिंडोरीला शाँदों कंपनीची ब्रूट, म्हणजे ड्राय प्रकारची, होते, बजेटच्या वर जाईल, पण सासऱ्यांसाठी एक आणा.

निफाडकर | १९ एप्रिल, रात्री १०:५०

राम राम मंडळी. मी पिणारा कमी आणि पिकवणारा जास्त. आमच्याकडं काही एकरांवर वाइनची द्राक्षं आहेत, कंपनीशी करार आहे, कुठली ते राहू द्या. बागेच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहून काय बघायचं ते आपोआप कळेल.

युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडं ते जमत नाही, कारण आपला पाऊस. म्हणून आपण वेलीला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिला फळ धरायचं नसतं, फक्त काडी तयार करायची. पावसाळा त्या काडीवर काढायचा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळ हिच्यावर येतं. थंडीत मणी भरतो आणि जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे जगातली बहुतेक वाइन उन्हाळ्याची आणि आपली हिवाळ्याची.

याचा फायदा असा की निफाडला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, राज्यातलं नीचांकी तापमान बऱ्याचदा आमच्याच नावावर लागतं. रात्र थंड असली की द्राक्षातलं आम्ल टिकतं. तोटा असा की फेब्रुवारीत दुपारी ऊन चढायला लागलं की साखर पळते आणि आम्ल उतरतं. त्यामुळं पांढरी द्राक्षं आधी, तांबडी नंतर. रोज रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, घेऊन बागेत फिरायचं. खायच्या थॉमसन जातीला १८ ब्रिक्स (साखरेचं माप) आली तरी माणसं गोड म्हणतात, आम्हाला २२-२३ लागते. कंपनीचा माणूस आम्लही तपासतो आणि मगच तोडणीचा दिवस ठरतो. तोडणी पहाटे, दिवे लावून. ऊन चढायच्या आत क्रेट कारखान्यात गेले पाहिजेत, नाहीतर वास उडून जातो. पुढं स्टीलच्या टाकीत, थंड ठेवून आंबवतात. आम्ल कमी पडलं तर टार्टारिक आम्ल घालतात. जगातल्या सगळ्या उष्ण भागांत हीच रीत आहे, त्यात फसवाफसवी नाही.

शेनिन आमच्या भागात रुळली ती तिचं आम्ल उन्हातही बऱ्यापैकी टिकतं म्हणून आणि पीकही चांगलं येतं म्हणून. पण तिचा घड घट्ट. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला की मण्यांमध्ये पाणी अडकतं आणि आतून कूज लागते. बॅरलबाबांनी सावलीचं सांगितलं ते खरं आहे. घडाभोवतीची पानं काढावी लागतात, पण दुपारच्या बाजूची सगळी काढली तर मणी भाजतो. सकाळच्या बाजूची काढायची.

आता मुद्द्याचं. जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षाची ताजी पांढरी बाटली उन्हाळ्याच्या शेवटी-शेवटी बाजारात यायला लागते. मे महिन्यात तुम्हाला दुकानात दिसेल ती बहुतेक गेल्या वर्षीच्या पिकाची. ती घ्या, चांगली असते. पण दोन-तीन वर्षांपूर्वीचं साल छापलेली साधी शेनिन किंवा सोव्हिन्यों स्वस्तात देतो म्हणाले तरी सोडा. "जितकी जुनी तितकी भारी" हे आपल्या लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. हजार रुपयांच्या पांढऱ्या वाइनला ते लागू नाही. आमची मेहनत ताजेपणातच आहे, दुकानातल्या फळीवर ती रोज थोडी मरते. साल पुढच्या लेबलवर बघा. ते नसेल तर मागं बाटली भरल्याचा महिना शोधा.

कोथरूडची_मैना | १९ एप्रिल, रात्री ११:१५

निफाडकर दादा, दंडवत! हे कुठल्याच दुकानदाराने कधी सांगितलं नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

यारा_काठचा | २० एप्रिल, सकाळी ६:४०

मेलबर्नहून. इथे आता उन्हाळा संपून हात गारठायला लागलेत, तरी लिहितो.

आम्ही जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, पितो ती रीझलिंग द्राक्षाची. क्लेअर व्हॅली किंवा ईडन व्हॅलीची. लिंबाची साल, दगडी कोरडेपणा, साखर जवळजवळ नाही. रीझलिंग म्हणजे गोड, ही समजूत तिथे एका घोटात जाते. दुसरी हंटर व्हॅलीची, सेमियों द्राक्षाची. लवकर तोडतात, त्यामुळे अल्कोहोल दहा-अकरा टक्के. भर उन्हात दोन ग्लास घेऊनही माणूस शुद्धीत राहतो.

आणखी एक सांगायचंय, कारण माझे पुण्यातले मित्र अजूनही फिरकीच्या झाकणाकडे नाक मुरडून बघतात. क्लेअरच्या रीझलिंगवाल्यांनी २००० साली एकत्र येऊन आपल्या बाटल्या फिरकीच्या झाकणात भरल्या, बुचामुळे चांगली वाइन नासते म्हणून वैतागून. ताज्या पांढऱ्या वाइनला बुचापेक्षा तेच झाकण बरं. आणि गच्चीवर ओपनर शोधत फिरावं लागत नाही.

भारतात आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते आधी १०० टक्क्यांवर आणलं आणि मग टप्प्याटप्प्याने आणखी कमी होणार असं ठरलं. तरी राज्याचे कर आणि दुकानाचा नफा धरून हजारात चांगली क्लेअर रीझलिंग बसणार नाही. कोणी येत असेल तर मागवा.

राईनकाठ | २० एप्रिल, दुपारी ४:२०

जर्मनीतून माझे दोन पैसे. इथल्या मोझेल भागातली काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारची, रीझलिंग एकदा चाखा. अल्कोहोल आठ-नऊ टक्के, थोडी गोड, पण आंबटपणा इतका की गोडी जाणवेपर्यंत घोट संपतो. आपल्या तिखटाला यापेक्षा चांगली जोडी मला भेटलेली नाही. पूर्ण ड्राय हवी असेल तर लेबलवर 'ट्रोकन' असं छापलेलं असतं.

पण इथले लोक उन्हाळ्यात खरं काय पितात ते सांगितलं तर बॅरलबाबा रागावतील. वाइनशोर्ले. अर्धी साधी पांढरी वाइन, अर्धा सोडा. बागेत, नदीकाठी, सगळीकडे. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मैनाताईंच्या गच्चीवर पहिला ग्लास शोर्लेचा द्या. लोक तहानलेले येतात आणि तहानेवर वाइन प्यायली की चढते.

बॅरलबाबा | २० एप्रिल, संध्याकाळी ६:००

रागावणार नाही. चांगल्या बाटलीत सोडा घातला तर रागावेन. साध्या शेनिनमध्ये घाला, वर लिंबाची चकती टाका, मीही घेईन.

खडीसाखर | २० एप्रिल, संध्याकाळी ७:१०

मला वाइनने डोकं दुखतं. सल्फाइट (टिकवण्यासाठी घालतात ते गंधकाचं संयुग) असतं ना तिच्यात? पांढरीत कमी असतं का?

बॅरलबाबा | २० एप्रिल, संध्याकाळी ७:४५

पांढरीत सहसा तांबडीपेक्षा जास्तच असतं, कारण तिला टॅनिनचा आधार नसतो. पण पिवळे राहावेत म्हणून गंधक दिलेल्या सुक्या जर्दाळूंत त्याहून कितीतरी जास्त असतं. ते खाऊन डोकं दुखत नसेल तर दोष सल्फाइटला देऊ नका. उन्हाळ्यात बहुतेक वेळा कारण साधं असतं, पाणी कमी पडलेलं. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. दमा असेल तर मात्र सल्फाइट खरंच त्रास देऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

म्हापशेंकार | २० एप्रिल, रात्री ९:३०

देव बरें करूं. गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगालच्या मिन्यू भागातली विन्यु वेर्द मिळते. उन्हाळ्याची वाइन म्हणाल तर हीच. अल्कोहोल कमी, जिभेवर बारीक चुरचुर, आंबट, ताजी. तळलेल्या मुडदुशांबरोबर प्यायली की दुपार कुठे गेली कळत नाही. पर्यटक मात्र येऊन गोड तांबडी पोर्ट घेऊन जातात, त्यांचं नशीब.

पुणेकर लोक इथून बाटल्या भरून नेतात. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, परवाना नसेल तर बाटलीही जाते आणि सुट्टीही. इथेच प्या, हा सल्ला.

कोथरूडची_मैना | २१ एप्रिल, सकाळी १०:१५

एवढं सगळं वाचून काल एसी असलेल्या दुकानात गेले. मांडलेल्या शेनिनवर तीन वर्षांपूर्वीचं साल. आतलं खोकं मागितलं, त्यात गेल्या वर्षीची निघाली, त्याच किमतीत! फ्रातेल्ली शेनिनच्या दोन घेतल्या, आणि मिसेस बांगडांचं ऐकून तिखटासाठी ती गोडसर एक.

आता गार किती करायची? फ्रीजमधून काढली की थेट ग्लासात? बर्फ घातला तर चालतो का? आणि उरलेली किती दिवस टिकते?

बॅरलबाबा | २१ एप्रिल, सकाळी ११:३०

फ्रीजचं तापमान चार-पाच अंश असतं, इतक्या थंडीत वास दबतो. आठ ते दहा अंश ठीक. एरवी बाटली दहा मिनिटं बाहेर ठेवा म्हणालो असतो, पण मे महिन्यातल्या पुण्याच्या गच्चीवर ती ग्लासातच कोमट होते. तेव्हा फ्रीजमधून थेट ओता, पण ग्लास तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा. थोडी थोडी ओतत राहा, बाटली थंडाव्यात ठेवा.

ऐनवेळी गार करायची तर बादलीत नुसता बर्फ नको. बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं, मिठामुळे ते शून्याच्या खाली जातं, वीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटेल.

ग्लासात बर्फाऐवजी गोठवलेली द्राक्षं टाका. निफाडकरांनाही बरं वाटेल. उरलेली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. त्यानंतर कोळंबीच्या कालवणात.

मिसेस_बांगडा | २१ एप्रिल, दुपारी १२:०५

कालवणात नको हो, चिंच आहे त्यात. लसणीवर परतलेल्या कोळंबीत शेवटी अर्धी वाटी घाला आणि आटवा. कालवण आपलं आहे तसं राहू द्या.

पारावरचा_पंत | २१ एप्रिल, दुपारी २:४०

अवांतर: ऐंशीच्या दशकात नारायणगावला एका कंपनीत शँपेनसारखी बुडबुड्यांची वाइन करायला लागले, तेव्हा आम्ही तमाशाला जायचो त्या गावात हे काय नवीन म्हणून हसलो होतो. ती कंपनी बुडाली, पण धंदा नाशकात रुजला. असो. मैनाबाई, मी येतो. ताक ठेवा, आणि त्या शोर्लेचा अर्धा ग्लास बघतो.

कोथरूडची_मैना | २१ एप्रिल, दुपारी ३:१०

पंतांसाठी खास ग्लास! निफाडकर दादा, मुलांना बाग दाखवायची आहे. मे महिन्यात सुट्टीत येऊ का तुमच्या बाजूला?

निफाडकर | २१ एप्रिल, रात्री ९:२०

ताई, या, पण मे मध्ये वेलीवर एकही मणी दिसणार नाही. खरड छाटणी झालेली असते, नुसती कोवळी फूट आणि तारा. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्या चालू असतात, तिथं फिरता येतं, चाखता येतं, मुलांसाठी द्राक्षाचा रस मिळतो का ते विचारा. बाग बघायची असेल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत या. मुक्कामाला या, कारण तोडणी पहाटे चारला सुरू होते. पुण्याहून सकाळी निघून दहाला पोचलात तर आम्ही क्रेट धूत असू.